दुसरा शनिवार, मिरज

विट्याहून पहिल्या एसटीने निघते.
तासगावला मनोरमा चढते, मांडीवर बेदाण्यांची पिशवी,
"घरचेच आहेत, दुसऱ्या नंबरचे,"
असं कुणी न विचारताच सांगत.

वेस्ट्रीत नऊ खुर्च्या. गोल म्हणावा तर गोल नाही,
मध्ये कपाट येतं,
म्हणून एका अंगाने चेपलेला.
व्यासपीठ होतं पूर्वी. पुण्याहून वक्ते यायचे,
फायली वाटायचे, आम्ही पुढे माना डोलवायचो
आणि मागे हळूच डबे उघडायचो.

मग एकदा वक्ते आलेच नाहीत.
रिकाम्या माइकपुढे तासभर बसून
योएल आवळे म्हणाला,
"माझ्या गटात आता तीनच पोरं उरलीत."
त्यावर कुणी मान डोलावली नाही.
खुर्च्या तेवढ्या पुढे ओढल्याचा आवाज आला.

तेव्हापासूनचा एक नियम, कुठेही न लिहिलेला:
ज्याला येतं त्याने शिकवायचं नाही.
ज्याचं अडलंय, त्याने सुरुवात करायची.

आज माझी पाळी.

शास्त्रभाग रात्रीतून तीनदा बदलला होता,
शेवटी वाचलाच नाही. सांगितलं ते एवढंच,
की आमच्या तरुण संघातला शिलास, अकरावीतला,
त्याचा भाऊ विहिरीत पोहायला उतरला
तो वर आला नाही.
पुढच्या रविवारी शिलास म्हणाला,
"ताई, मागावं असं तुम्हीच शिकवलंत.
मी काठावर उभा राहून मागत होतो."
आणि मी,
मी हजेरीची वही उघडली.
नावं घ्यायला लागले.
त्याचंही घेतलं.
तो "हजर" म्हणाला,
त्यानंतर आला नाही.

चहाच्या किटलीचं झाकण कुणीतरी उगाच लावून पाहिलं.
जंक्शनवर मालगाडी डबे जोडत होती,
एकेक धक्का भिंतीपर्यंत पोचत होता.

दबोरा रात्रपाळी करून तशीच आली होती,
बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन.
म्हणाली, "वॉर्डात कुणी गेलं की पहिलं वर्षभर
मी चादर सरळ करायचे. सरळच असायची ती.
तरी करायचे."

योएल नखांतली हळद कोरत होता,
मार्केट यार्डातली, रविवारीही न जाणारी.
"मी उत्तर दिलं होतं एका मुलीला," तो म्हणाला,
"चांगलं होतं. पाठ होतं.
ती अजून माझ्याकडे बघत नाही.
त्यापेक्षा तुझी वही बरी."
मनोरमा हसली, मग ओशाळली,
मग सगळेच हसलो,
आणि माझ्या डोळ्यांतून जे आलं ते त्यातच खपून गेलं.

जतहून आलेला एझ्रा, एकोणीस वर्षांचा,
इथे दुसऱ्यांदाच. हात वर करून विचारलं त्याने,
शाळेत करतात तसा.
"त्याचं नाव अजून घेता का?"
घेते, म्हटलं. थोडी थांबते. मग फुली.
"हे त्याला माहीत आहे?"

कुणी उत्तर दिलं नाही.
प्रार्थना झाली, छोटीच, त्यातही दबोराला डुलकी लागली.
वीस-वीस रुपये डब्यात. खुर्च्या भिंतीला.

परतीच्या गाडीत मनोरमा म्हणाली,
"माझं तर काहीच अडलेलं नाही बाई,"
आणि तासगाव येईस्तोवर खिडकीबाहेर पाहत राहिली.
उतरताना उरलेली पिशवी माझ्या मांडीवर ठेवून,
पाठ वळवूनच बोलली,
"पुढच्या महिन्यात सुरुवात माझ्यापासून."

विटा. उतरले ती घराकडे वळले नाही.
शिलासच्या गल्लीत दिवे लागत होते.
काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.
हातात बेदाणे, दुसऱ्या नंबरचे.
काखेत वही.